पिवळ्या गाडीतल्या सहा फेऱ्या

रविवार, ९ नोव्हेंबर

पुण्यातल्या पायी चालणाऱ्या माणसांनो, तुम्हाला कोणी विचारत नाही. रस्ता रुंद करायचा झाला की पहिला घाव तुमच्या पायाखालच्या जमिनीवर पडतो. गाडीला उभे राहायला जागा हवी, म्हणून माणसाने चालायची जागा सोडायची. तुम्ही ती सोडता आणि वर "असू दे" म्हणता. हे "असू दे" आता बंद करा!

भाषण इथवर बरे जमले आहे. पुढचे सुचेना म्हणून वही उघडली. सभा १४ डिसेंबरला आहे, शाळेच्या सभागृहात, संध्याकाळी पाचला. पस्तीस वर्षे इतिहास शिकवला, तीनशेच्या वर व्याख्याने दिली, कुठल्या कुठल्या राज्यक्रांत्यांवर तासतासभर बोलले. पण स्वतःच्या गल्लीसाठी बोलायचे म्हटले की शब्द चाचपडतात.

विषय साधा आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या विहीर आळीचा पदपथ सहा फुटांचा आहे. तो दोन फुटांचा करून उरलेले चार फूट मोटारी लावायला द्यायचे, असा महापालिकेचा प्रस्ताव आला आहे. हरकती लेखी हव्यात आणि १५ डिसेंबरला संध्याकाळी पाचच्या आत हव्यात. पायी चालणाऱ्यांच्या आमच्या समितीचे कार्यवाह अनिरुद्ध म्हणतात, "श्यामलाताई, पाचशेच्या वर गठ्ठा गेला तर फेरविचार होतो. शंभर-दोनशे गेल्या तर नुसती पोच मिळते." आजपर्यंत एक्केचाळीस आल्या आहेत.

आमच्या तळमजल्यावरच्या यमुनाबाई एक्याऐंशीच्या आहेत. रोज सकाळी वॉकर घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत जातात आणि परत येतात. आज मी टेप घेऊन त्यांचा वॉकर मोजला. सव्वीस इंच. दोन फुटांत सव्वीस इंच मावत नाहीत, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

"मग मी काय खेकड्यासारखी आडवी चालू का गं?" यमुनाबाईंनी विचारले.

समितीची अध्यक्ष मी आहे. अकरा वर्षांपूर्वी भर सभेत मी सांगितले होते, की यापुढे खाजगी मोटारीत पाऊल ठेवणार नाही. आठ दिवसांत आमची मोटार विकली. तेव्हापासून पाय आणि बस, अगदीच अडले तर रिक्षा. यज्ञेश्वर, म्हणजे माझे यजमान, त्या वेळी काही बोलले नव्हते. माझ्या शब्दाला पेठेत जे वजन आहे, ते त्या एका वाक्यामुळे आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हडपसरला एका महिला मंडळात व्याख्यान झाले. परतताना बसथांब्याकडे निघाले तर एका मॉलसमोर अख्खा पदपथ अडवून एक पिवळी गाडी उभी. दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली, गळ्यात झेंडूचा हार, चारही बाजूंनी दोरी. माणसे दोरीला वळसा घालून थेट बसच्या चाकांपुढून चालली होती. सूट घातलेले एक गृहस्थ शेजारी उभे राहून हसत होते.

"ही गाडी पदपथावर का आहे?"

"मॅम, डिस्प्ले आहे. थर्सडेपर्यंत."

"तक्रार कुठे करायची?"

"फॉर्म भरा ना मॅम. डायरेक्ट हेड ऑफिसला जातो."

फॉर्मवर छापले होते: 'तुम्हाला ही गाडी का चालवायची आहे? पन्नास शब्दांत लिहा.' हेड ऑफिसला जाणारा दुसरा कागद त्यांच्याकडे नव्हता. मग मी त्यावरच लिहिले:

'मला ही गाडी चालवायची आहे, कारण ती पदपथावर उभी आहे आणि ती तिथून काढणे तुमच्यापैकी एकालाही जमेल असे दिसत नाही. किल्ली द्या. मी काढते.'

खाली नाव, पत्ता, फोन नंबर. निनावी तक्रार मी करत नाही.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आले, की त्या गाडीच्या मागच्या चाकावरून निघालेली रेषा दारावरून पुढच्या दिव्यापर्यंत एका दमात जाते. मध्ये कुठे तुटत नाही. असे तपशील लक्षात राहणे ही इतिहासाच्या शिक्षकांची सवय असते, दुसरे काही नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कुकर उतरवत होते तोच फोन आला.

"श्यामला आगाशे मॅम? काँग्रॅच्युलेशन्स! स्लोगन काँटेस्टमध्ये तुमची एंट्री फर्स्ट आली!"

"मी तक्रार केली होती."

"हो मॅम, ज्युरी जाम हसली. 'किल्ली द्या, मी काढते!' काय कॉन्फिडन्स आहे!"

"गाडी हलवली का?"

"थर्सडेलाच हलवली मॅम."

"ती तुमचे प्रदर्शन संपले म्हणून हलवली. माझ्या तक्रारीवर काय कारवाई झाली?"

"मॅम, फर्स्ट प्राइज दिलं ना!"

बक्षीस असे: चाकणच्या पुढे एका खाजगी ट्रॅकवर रविवारी, ३० तारखेला, तीच गाडी चालवायची. सहा फेऱ्या, शेजारी प्रशिक्षक. सगळे फुकट. फक्त लायसन्स हवे.

यज्ञेश्वर पेपर खाली न करता म्हणाले, "तक्रारीला बक्षीस मिळालेली पुण्यातली पहिली व्यक्ती. दारावर पाटी लावू या."

मी त्या माणसाला नकार दिला नाही, "कळवते" म्हटले. नकार नेहमी लेखी द्यावा, असा माझा नियम आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नकाराचे पत्र लिहायला बसले. तीन मसुदे झाले, एकही पसंत पडला नाही. पहिल्यात राग जास्त होता, दुसऱ्यात उपदेश. तिसरा चांगला होता, पण तो लिहिता लिहिता एक गोष्ट मनात आली. ज्याच्याविरुद्ध लढायचे त्याची छावणी आतून पाहावी, हे मी पस्तीस वर्षे मुलांना शिकवले. मग स्वतः का पाहू नये? वेगाची चटक माणसाला कशी लागते, हे आतून कळल्याशिवाय त्याविरुद्ध बोलणे म्हणजे पुस्तकी पांडित्य.

राहता राहिली प्रतिज्ञा. तीही मी नीट तपासली. प्रतिज्ञा खाजगी मोटारीविषयी आहे. खाजगी म्हणजे एका व्यक्तीच्या मालकीची. ही गाडी कंपनीची आहे.

यज्ञेश्वरांना हे समजावून सांगितले. ते म्हणाले, "वा! मग बँकेच्या कर्जावर घेतलेल्या सगळ्या मोटारी चालतील तुला. त्या कुठे अजून त्यांच्या झाल्यात?"

"तुम्ही विषयाला फाटे फोडू नका."

"नाही फोडत. लायसन्स आहे का पण तुझ्याकडे?"

"आहे. गेल्या वर्षीच नूतनीकरण केलं."

"घरात मोटार नाही, चालवायची नाही, आणि लायसन्सचं नूतनीकरण?"

"ओळखपत्र म्हणून."

"आधार कार्डावर फोटो माझा आहे का?"

कंपनीला होकार कळवला. अभ्यास म्हणून.

बुधवार, २६ नोव्हेंबर

हरकती १४३. अनिरुद्ध रविवारी घरोघर जायचे म्हणत होते. मी म्हटले, "रविवारी माझा बाहेरगावी अभ्यासदौरा आहे."

ते भारावून म्हणाले, "ताई, या वयात! अध्यक्ष असावा तर असा."

मी खोटे बोललेले नाही. चाकण बाहेरगावच आहे.

दुपारी सपाट तळाचे बूट आणले. दुकानदाराने विचारले, "मॉर्निंग वॉकला का?" मी म्हटले, "साधारण तसंच."

रविवार, ३० नोव्हेंबर

नोंदी क्रमाने लिहिते. भावना बाजूला ठेवते.

तीन बस बदलल्या आणि शेवटी रिक्षा केली. यज्ञेश्वर बरोबर होते, पोळीभाजीचा डबा घेऊन. ट्रॅकच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारले, "गाडी कुठे लावली?"

मी म्हटले, "आतच आहे. तुम्हीच लावलीय."

प्रशिक्षक मुलगी निघाली. शेफाली, वय सव्वीस, कात्रजची. वडील डेअरीचा दुधाचा टँकर चालवतात. दुधाचा टँकर अर्धा भरलेला असताना वळण कसे घ्यायचे, ते तिला दहाव्या वर्षी कळले होते म्हणे. आतले दूध उशिरा वळते, आपण आधी वळायचे.

"आजी म्हणू की मॅडम?"

"अध्यक्ष म्हण."

"ओके अध्यक्ष. ओढणी काढा."

मग जे सुरू झाले ते मी कधी पाहिले नव्हते. रक्तदाब तपासला. अर्ज भरून घेतला. हेल्मेट तीन मापांचे घालून पाहिले. पट्टा दोनदा ओढून बघितला. प्रत्येक वळणावर एक माणूस, हातात झेंडा. त्या सगळ्यांनी आपापल्या वळणावरून हात वर करून सांगितले, की रस्ता मोकळा आहे. सात माणसांनी खात्री दिल्यावर मला बटण दाबायची परवानगी मिळाली.

पहिलीच चूक माझ्या डाव्या पायाने केली. आमच्या जुन्या मोटारीत डावा पाय क्लचवर असायचा. या गाडीत क्लच नाही, पण माझ्या पायाला ते कोण सांगणार? गाडी सुरू झाल्यावर त्याने सवयीने शोध घेतला, जे सापडले ते दाबले, आणि ते ब्रेक निघाले. गाडी जागच्या जागी खिळली. शेफालीचे हेल्मेट पुढे आले आणि मागे गेले.

"अध्यक्ष, डाव्या पायाला सुट्टी द्या."

"त्याला अकरा वर्षं सुट्टीच आहे."

पहिली फेरी चाळीसच्या वेगाने झाली. शेफाली म्हणाली, "मागून बैलगाडी हॉर्न देतेय, जरा दाबा." दुसरी ऐंशीने. तिसऱ्या फेरीत एका वळणावर तिने सांगितले, की आत्ता वळायचे आहे तिकडे बघू नका, वळून झाल्यावर जिथे जायचे आहे तिकडे बघा. हात आपोआप येतील. मी तिकडे पाहिले. हात आले. गाडी आली. समोर लांबलचक सरळ पट्टा उघडला, त्याच्या टोकाला डोंगर, आणि मी पाय खाली नेला तर तो डोंगर उचलून कोणी माझ्याकडे फेकल्यासारखा जवळ यायला लागला. आवाज कानात नव्हता, बरगड्यांत होता. काटा एकशेचाळीसवर. मी काहीतरी ओरडत होते. काय ते आठवत नाही. भूगोलाच्या तासाला शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी मारायची मी, तेव्हा असे व्हायचे.

भावना बाजूला ठेवायच्या होत्या. असो.

चौथ्या फेरीत अचानक लाल झेंडे हलले. शेफालीने सांगितले, "थांबा, पूर्ण थांबा." मी थांबले (उजव्या पायाने). ट्रॅकवर माझ्यापुढे आणि मागे इतर हौशी लोकांच्या पाच गाड्या होत्या, त्याही थांबल्या. लाखो-कोटींच्या गाड्या, सगळ्या गपगार. मग दिसले. एक लंगडी कुत्री ट्रॅक ओलांडत होती. सावकाश. मध्ये एकदा बसून तिने कान खाजवला. कोणी हॉर्न दिला नाही. ती पलीकडच्या गवतात गेल्यावर झेंडेवाल्याने हात वर केला, मग आम्ही निघालो.

सहा फेऱ्या झाल्या. यज्ञेश्वर कठड्यावर डबा मांडीवर घेऊन बसले होते. डबा उघडलेला नव्हता. मी हेल्मेट काढले, तर ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. चष्म्याची काच पुसली, परत घातला. धूळ फार होती तिथे.

निष्कर्ष: वेग ही चटक लावणारी गोष्ट आहे, तिला वस्तीत थारा देऊ नये. अभ्यासाला सहा फेऱ्या पुरेशा आहेत. सातवी मिळते का, हे मी फक्त माहितीसाठी विचारले. मिळत नाही.

सोमवार, १ डिसेंबर

मान दुखते. विशेष काही नाही. मंडईत यज्ञेश्वर म्हणाले, "मेथीच्या जुडीकडे बघून हसतेस का?" मी हसत नव्हते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

हरकती २७०. आज गल्लीच्या तोंडाशी असलेल्या महिपती शितोळ्यांच्या बॅटरीच्या दुकानात गेले. पार्किंगच्या बाजूने सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच आहे.

"बाई, तुम्ही गाडीत बसत नाही म्हणून आम्ही दुकानाला कुलूप लावायचं का?"

"तुमच्या दुकानात माणसं येतात की मोटारी?"

"मी मोटारीच्या बॅटऱ्या विकतो, बाई. मोटारीच येणार."

मुद्दा बिनतोड होता. तसे मी त्यांना दाखवले नाही. अर्धा तास वाद घातला. निघताना त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "पटत नाही तुमचं काही. पण तुम्ही बोलता तेच करता, म्हणून ऐकून घेतो. दुसरं कोणी असतं तर दारातूनच वाटेला लावलं असतं."

हे वाक्य आज नसते ऐकले तर बरे झाले असते. चहा अर्धा टाकून आले.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सकाळी भाचीचा फोन. स्पृहा आयटीत आहे, किंचाळतच बोलते.

"मावशी, तू व्हायरल झालीयेस!"

"डॉक्टरकडे जाते."

"अगं, व्हिडिओ! पाठवलाय, बघ! यू आर सो कूल!"

पाहिला. चाळीस सेकंदांचा आहे. कंपनीने गाडीत कॅमेरा लावला होता. अर्जात तसे लिहिलेही असणार. आयुष्यभर मुलांना सांगितले, की कागद वाचल्याशिवाय सही करू नका. व्हिडिओत हेल्मेटच्या आत माझा चेहरा आहे, डोळे बशीएवढे, आणि मी ओरडते आहे, "अजून! अजून! अगं, अजून दाबू का?" खाली कंपनीने लिहिले आहे: 'किल्ली द्या, मी काढते!'

अकरा वाजता अनिरुद्ध आले. चप्पल काढली नाही.

"ताई, हा अभ्यासदौरा?"

मी खुर्ची पुढे केली.

"हरकती तीनशे नव्वद झाल्या होत्या. सकाळपासून सात जण कागद परत मागायला आले. म्हणतात, तुमच्या अध्यक्षांनाच गाड्या हव्यात तर आम्हाला काय पडलंय? महिपतींनी तो व्हिडिओ अख्ख्या पेठेत पाठवलाय. परवा सभेत ते तो लावणार आहेत." मग खुर्चीवर टेकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "एक उपाय आहे. हल्ली असे खोटे व्हिडिओ सर्रास बनवतात. तुम्ही म्हणा, की हा बनावट आहे. एवढं एक वाक्य. तुमच्यावर सगळे विश्वास ठेवतील."

"विचार करते," मी म्हटले.

खरे सांगायचे तर मी "नाही" म्हटले नाही. हे इथे लिहून ठेवते.

शनिवार, १३ डिसेंबर

दुपारी ते वाक्य लिहून पाहिले. 'मित्रहो, परवा माझ्या चेहऱ्याची चोरी झाली! ज्यांच्याकडे युक्तिवाद नसतो, ते मुखवटे तयार करतात!' वाक्य उत्तम उतरले. इतके उत्तम, की दुसऱ्यांदा वाचताना मला स्वतःलाच चोरी झाल्यासारखे वाटू लागले. मुठी वळल्या. एका खोट्याने यमुनाबाईंचा रस्ता वाचत असेल तर काय बिघडले, असेही वाटले. पाचशेला एकशे सतरा कमी आहेत.

यज्ञेश्वरांना वाचून दाखवले. माझे प्रत्येक भाषण ते आधी ऐकतात आणि "ठीक आहे" म्हणतात. आज म्हणाले नाहीत.

"काय झालं?"

"मोटार विकली तेव्हा तुझ्याविरुद्ध बोललो नव्हतो. आज बोलतो. त्या व्हिडिओतला आवाज मी तीस वर्षांनी ऐकला, श्यामले. तू असं ओरडायचीस. ताम्हिणी घाटात, मी चालवायला दिली की. तो आवाज खोटा आहे असं उद्या म्हणालीस, तर पहिली हरकत माझी लिहून घे."

मग ते बाजारात निघून गेले. पिशवी न घेता.

पान फाडले.

सोमवार, १५ डिसेंबर, सकाळ

काल जे झाले ते जसे झाले तसे लिहिते.

सभागृह खचाखच भरले होते. निम्मी माणसे पदपथासाठी आली नव्हती, मला बघायला आली होती. प्रत्येक खुर्चीवर अनिरुद्धांनी एकेक कोरा कागद ठेवला होता. बरेच जण त्याने वारा घेत होते.

मी उभी राहायच्या आतच महिपती पुढे आले आणि त्यांनी माइकला मोबाइल लावला. "अजून! अजून!" सभागृहात माझा आवाज घुमला. हशा झाला. पहिल्या रांगेतून यमुनाबाई ओरडल्या, "आवाज वाढव रे महिपती, मला काही कळलं नाही!" त्यांना तो पुन्हा लावावा लागला. दुसऱ्यांदा जास्त हशा झाला.

"बाई, एवढंच सांगा," महिपती म्हणाले, "या तुम्हीच ना?"

अनिरुद्ध माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे म्हणत होते, एक वाक्य.

"मीच," मी म्हटले.

"आणि प्रतिज्ञा?"

"मोडली. गाडी कंपनीची आहे, खाजगी नाही, अशी पळवाट मी स्वतःसाठी काढली होती. ती पळवाटच होती. शब्द तुमच्यासमोर दिला होता, मोडल्याचंही तुमच्यासमोर सांगते. अनिरुद्धना अभ्यासदौरा म्हणाले, तेही खोटं होतं. अध्यक्षपद आजपासून त्यांच्याकडे."

महिपतींनी पुढचे काही तयार केले नव्हते. त्यांनी मोबाइल खिशात घातला. मग एकदम, वैर विसरून, गाड्यांवर जीव असलेल्या माणसासारखे त्यांनी विचारले, "पण मग... मजा आली का?"

तीनशे व्याख्यानांत इतके छोटे वाक्य मी कधी बोलले नव्हते.

"फार."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि छत खाली येते की काय असे झाले. यज्ञेश्वर शेवटच्या रांगेत उभे होते. ते टाळ्या वाजवत नव्हते, नुसते हसत होते, तोंडभर. त्यांना इतके हसताना बघून माझे पाठ केलेले भाषण साफ उडाले.

मग मी जे बोलले ते कागदावरचे नव्हते. मी सांगितले, की वेग वाईट नाही. मी आजवर तुम्हाला तो वाईट आहे असे सांगत आले, ते अर्धवट होते. वेगाची एक जागा असते. तिथे मी हलायच्या आधी सात माणसांनी रस्ता मोकळा आहे का पाहिले. तिथे एक लंगडी कुत्री आडवी आली तर सहा गाड्या थांबल्या, आणि तिने कान खाजवून होईपर्यंत कोणी हूं का चूं केले नाही. आमच्या यमुनाबाई रोज विहीर आळीतून जातात. त्यांच्यासाठी एक स्कूटर थांबत नाही.

"उपमा बदल गं," यमुनाबाई म्हणाल्या, "पण मुद्दा सोडू नकोस."

आत्ता यज्ञेश्वर टेबलावर मोजणी करत आहेत. सहाशे बारा झाले, अजून एक ढीग बाकी आहे. अकराला अनिरुद्ध येतील आणि गठ्ठा रिक्षाने जाईल. त्यात एक कागद महिपतींचा आहे. त्यांनी लिहिले आहे, 'पदपथ सहा फुटांचाच राहावा', आणि खाली बारीक अक्षरात, 'माझ्या दुकानापुढचा भाग सोडून'. यज्ञेश्वरांनी तो वेगळा काढला होता. मी परत गठ्ठ्यात घातला. हरकत ती हरकत.

शेवटी जे बोलले तेवढे शब्दशः उतरवून ठेवते, कारण दुसऱ्या आळ्यांमधूनही सकाळपासून विचारणा होत आहे:

"विहीर आळीच्या लोकांनो, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, असं मी आज म्हणणार नाही. तो हक्क मी चाकणला घालवून आले. तुम्ही माझ्याकडे बघूच नका. इथून घरी जाताना खाली बघा, आपल्या पायांकडे, आणि उद्या तिथे किती जागा उरेल ते स्वतः मोजा. माझी प्रतिज्ञा मोडली म्हणून तुमचा पदपथ मोडू देऊ नका. तुमच्या हातात एक कोरा कागद आहे. वारा घेणं थांबवा. वर आजची तारीख घाला. खाली आपलं नाव आणि पत्ता लिहा. मध्ये एकच ओळ लिहा: विहीर आळीचा पदपथ सहा फुटांचाच राहावा. सही करा, कागद इथे पुढे आणून द्या, आणि मगच सभागृहाबाहेर पाऊल टाका."